हायवेवरून उतरलं की बंद, वीस मिनिटांनी चालू: जुन्या पोलीस फ्युरीचा दर उन्हाळ्याचा आजार

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचा आजार हाच आहे की दुसरा, ते लगेच कळेल.

गाडी सकाळी झकास सुरू होते. हायवेला अर्धा-पाऊण तास पळते, कुठे मिसिंग नाही, ओढ भरपूर. एक्झिट घेऊन पहिल्या-दुसऱ्या सिग्नलला थांबलात की इंजिन उचकी लागल्यासारखं करतं आणि बंद. सेल्फ मारला तर गरागरा फिरतं, पण पेटत नाही. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं उभं राहिलं की पहिल्या सेल्फला सुरू, जणू काही झालंच नव्हतं. मग तीन आठवडे सगळं सुरळीत. मग पुन्हा तेच, आणि हमखास मागे गाड्यांची रांग लागलेली असताना.

माझी गाडी १९७४ ची प्लिमथ फ्युरी, क्रायस्लर कंपनीची मोठी अमेरिकन गाडी, पोलीस पॅकेज म्हणजे पोलिसांसाठी कारखान्यातूनच तयार केलेली. ४४० घन इंचांचं म्हणजे ७.२ लिटरचं व्ही-८ इंजिन, चार बॅरलचा थर्मोक्वाड कार्बोरेटर, ७२७ टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शिकागोच्या पश्चिम उपनगरात, गॅरेजच्या दारात कशीबशी मावते. खाली लिहिलेलं त्याच काळातल्या डॉज मोनॅकोला आणि क्रायस्लरच्या इतर मोठ्या गाड्यांनाही लागू पडतं. १९७३ पासून त्या सगळ्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. फक्त १९७६ पासूनच्या ज्या गाड्यांत एअर क्लीनरला चिकटवलेला, ठिणगीची वेळ ठरवणारा ‘लीन बर्न’ कॉम्प्युटर आहे, त्यांचं वायरिंग आणि आकडे वेगळे. तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

गाडी खरोखर पोलिसांची होती की कुणी हौसेने दिवा बसवून पोलिसांची केली आहे, हे आधी बघा. त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून दिसणारा चासी नंबर वाचा. माझा ‘पीके४१यू४डी’ असा सुरू होतो. पी म्हणजे फ्युरी, के म्हणजे पोलीस, ४१ म्हणजे चार दारांची सेडान, यू म्हणजे ४४० चं हाय-परफॉर्मन्स इंजिन, ४ म्हणजे १९७४ आणि डी म्हणजे इलिनॉयमधला बेल्विडिअरचा कारखाना. तो १९६५ मध्ये उघडला, आणि पहिल्या दिवसापासून तिथे फ्युरीच बनत होती. माझ्या घरापासून कारखाना एकाच हायवेवर आहे. पन्नास वर्षांत गाडी फार लांब गेली नाही, आणि जिथे गेली तिथे बंद पडली.

दोन उन्हाळे मी काय चुकलो

आमच्या काकांकडे प्रीमियर पद्मिनी होती. मे महिन्यात मुंबईहून गावी जाताना कशेडी घाटात ती एकदा तरी थांबायचीच. काका शांतपणे उतरायचे, वॉटरबॅगेतल्या पाण्यात फडकं भिजवायचे आणि पेट्रोल पंपावर गुंडाळायचे. ‘एअर लॉक झालाय, जरा थांबा.’ आम्ही करवंदं विकत घ्यायचो, तोवर गाडी सुरू. पंपात किंवा नळीत पेट्रोल उकळून वाफ झाली की पंपाला ते ओढता येत नाही, एवढं ज्ञान मला आठव्या वर्षापासून आहे.

तेच ज्ञान मला इथे नडलं.

फ्युरी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा डोक्यात दुसरा विचारच आला नाही. डिकीतून फडकं काढलं, बाटलीतलं पाणी ओतलं, पंपावर आणि नळीवर गुंडाळलं. वीस मिनिटांनी गाडी सुरू. बायको म्हणाली, ‘काकांचं फडकं शिकागोत पण चालतं की!’ पुढच्या वेळी पुन्हा तसंच केलं, पुन्हा सुरू. आधीच्या मालकाचंही निदान हेच असणार, कारण पेट्रोलच्या नळीवर कपडे वाळत घालायचे नऊ लाकडी चिमटे ओळीने लावलेले मला गाडीबरोबर मिळाले होते. इकडच्या जुन्या माणसांचा तो तोडगा आहे: लाकूड उष्णता शोषून घेतं म्हणे. नऊ चिमट्यांनी काय शोषलं जाणार देव जाणे, पण बघायला छान दिसतात.

दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. आयुष्यभर मेकॅनिकचं काम केलेला माणूस. त्यांनी एकच प्रश्न विचारला: बंद पडली तेव्हा प्लगला करंट येत होता का?

मला माहीत नव्हतं. इतक्या वेळा गाडी बंद पडली, पण एकदाही मी बघितलंच नव्हतं. फडकं घालण्यात गुंतलो होतो. फडक्याने गाडी सुरू होत नव्हती. फडकं शोधून, भिजवून, गुंडाळून होईपर्यंत जी वीस मिनिटं जायची, त्यांनी सुरू होत होती. गार झाल्यावर बरा होणारा आजार एकटा एअर लॉकचा नाही. पिकअप कॉइल (ठिणगी कधी टाकायची ते कळवणारी), इग्निशनचा डबा (ते ऐकून ठिणगी टाकायला लावणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट), इग्निशन कॉइल, एखादा लूज कॉन्टॅक्ट, सगळे गार झाले की शहाण्यासारखे वागतात. आणि गाडी एकदा सुरू झाली की पुरावा संपला. मग घरी आणून काहीही तपासा, सगळं ठीकच दिसणार.

म्हणून तपासणी करायची ती गाडी मेलेली असतानाच, पहिल्या तीन मिनिटांत.

ती तीन मिनिटं

गाडी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, बॉनेट उघडा. गरम इंजिनावर पेट्रोलचा वास येत असेल किंवा कुठे ठिबकताना दिसत असेल तर खालचं काहीही करू नका. ठिणगीची तपासणी तर नाहीच. आग विझवायचा सिलिंडर या गाडीत कायम हवा.

पहिलं, सेल्फ कसा लागतो ते ऐका. या गाड्यांच्या स्टार्टरला आत गिअर असल्यामुळे त्याचा आवाज वेगळाच, किणकिणत चढणारा असतो. एकदा ऐकला की विसरत नाही. तो नेहमीच्या लयीत असेल तर स्टार्टर आणि बॅटरी ठीक. रेडा ओढल्यासारखा जड आणि हळू असेल तर प्रश्न पूर्ण वेगळा: जाड केबल, तिची टोकं, इंजिनाची अर्थिंग किंवा एक्झॉस्टशेजारी भाजलेला स्टार्टर. त्या वाटेने जा, हा लेख बाजूला ठेवा.

दुसरं, फार महत्त्वाचं आणि अवजाराशिवाय होणारं. इंजिन सेल्फवर असताना पेटतं आणि चावी सोडताच विझतं का? तसं असेल तर नव्वद टक्के काम झालं. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर) पांढऱ्या चिनी मातीचा, बोटभर लांबीचा बॅलास्ट रेझिस्टर असतो, कॉइलकडे जाणारा करंट आवरणारा. सेल्फ चालू असताना करंट त्याला वळसा घालून तपकिरी वायरने सरळ कॉइलला जातो. चावी ‘रन’वर आली की निळ्या वायरने त्याच्यातून जातो. तो आतून तुटला असेल तर सेल्फवर जीव, चावी सोडली की मरण. दहा-पंधरा डॉलरची वस्तू, एक स्क्रू, दोन सॉकेट. क्रायस्लरवाले एक जास्तीचा ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात तो उगाच नाही. १९७४ च्या गाडीत तो जोड असतो, एका डब्यात दोन: कॉइलच्या बाजूचा अर्ध्या ओहमच्या आसपास, इग्निशनच्या डब्याच्या बाजूचा पाच ओहमच्या आसपास. वायरी काढूनच मोजा, नाहीतर मीटर भलतंच दाखवेल.

तिसरं, एअर क्लीनरचं झाकण काढा, चोक उघडी धरून कार्बोरेटरच्या पुढच्या दोन नळ्यांत बघा आणि हाताने थ्रॉटल एकदाच ओढा. पेट्रोलच्या दोन बारीक धारा जोरात उडायला हव्यात. इंजिन बंद ठेवून, आणि डोकं जरा मागे ठेवून. धारा आल्या म्हणजे बाउलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, पेट्रोल आहे. बाउल भरलेला असताना ‘एअर लॉकमुळे बंद पडली’ हे म्हणता येत नाही. निदान इंजिन पेटून दहा-वीस सेकंद तरी चाललं पाहिजे. धाराच नाहीत, किंवा नुसती फुसफुस, तर पेट्रोलची बाजू धरा.

चौथं, ठिणगी. एखाद्या प्लगची वायर काढून तिला स्पार्क टेस्टर लावा, त्याचा चिमटा इंजिनाच्या उघड्या धातूला लावा, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, टणक, टक्-टक् वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली असेल तर ती नसल्यातच जमा. वायर हातात धरून बघण्याची आपल्याकडची मर्दुमकी इथे नको. आणि इग्निशनच्या डब्यावर बाहेर दिसणारा गोल ट्रान्झिस्टर चावी चालू असताना हाताला लागू देऊ नका, चांगलाच झटका बसतो.

एवढंच. धार आहे-नाही आणि ठिणगी आहे-नाही, ही दोन उत्तरं कागदावर लिहा. वेळ आणि हवेचं तापमानही लिहा. गाडी सुरू झाली तरी तो कागद टाकू नका.

माझ्या कागदावर आलं: धार आहे, ठिणगी नाही. दोन उन्हाळे मी चुकीच्या दारावर थापा मारत होतो.

ठिणगी नाही: मग कोण?

संशयित चार: बॅलास्ट, कॉइल, इग्निशनचा डबा आणि डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप. (डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा, आमच्याकडच्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत डेल्को. इथे डेल्को म्हटलं तर समोरच्याला दुसऱ्याच कंपनीचं नाव वाटतं, जपून.) बॅलास्ट वर झाला. कॉइलचा प्राथमिक रोध साधारण दीड ओहमच्या आसपास हवा, गरम असतानाही. डबा गेला तर तो बहुतेक कायमचा जातो, पण तापून रुसणारे डबेही असतात. त्याला स्वतःची वेगळी अर्थ वायर नसते, त्याची पत्र्याची पेटीच अर्थ असते. फायरवॉलवर रंगाचा थर किंवा गंज असेल तर नवा डबाही नीट चालणार नाही. बोल्ट काढून खालचा पत्रा चकचकीत घासा. डब्याचं पाच पिनांचं सॉकेट काढण्याआधी चावी बंद करा. चालू असताना काढलंत तर चांगला डबाही जाऊ शकतो.

मी आधी डबाच बदलला. तर्क करून नाही, सोपा होता म्हणून. दोन आठवडे गाडी चालली आणि मला वाटलं झालं. तिसऱ्या आठवड्यात सुपरमार्केटच्या सिग्नलला पुन्हा तेच. जुना डबा निर्दोष होता. आता तो डिकीत जास्तीचा म्हणून आहे.

मग पिकअप. डिस्ट्रिब्युटरच्या आत आठ दात्यांचं चाक फिरतं. शेजारी लोहचुंबकावर गुंडाळलेली बारीक तारेची कॉइल असते. दाता समोरून गेला की कॉइलमध्ये इवलासा करंट येतो आणि डब्याला कळतं, आता ठिणगी टाक. त्या कॉइलच्या दोन वायरी डिस्ट्रिब्युटरबाहेर छोट्या सॉकेटला येतात. सॉकेट सोडवा, मीटर लावा. दीडशे ते नऊशे ओहमच्या दरम्यान काहीही चालतं. दोन्हीपैकी कुठल्याही वायरीचा डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीशी संबंध येता कामा नये.

माझा थंड असताना ४१० ओहम. पुस्तकाप्रमाणे उत्तम. इथेच बहुतेक जण सॉकेट परत लावून पुढे जातात.

मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, मीटर तसाच लावून ठेवला आणि बायकोचा हेअर ड्रायर आणला. तो वरचेवर मागून नेतो म्हणून तिने आता मलाच एक वेगळा घेऊन दिला आहे. पिकअपवर गरम हवा सोडली. आकडा हळूहळू चढू लागला: ४३०, ४५०, ४७५. तांबं तापलं की रोध वाढतोच, त्यात काही गैर नाही. मग व्हॅक्यूम ॲडव्हान्सची प्लेट (इंजिनाच्या व्हॅक्यूमने सरकून ठिणगीची वेळ बदलणारी, पिकअप तिच्यावरच बसतो) बोटाने मागे-पुढे हलवली. प्लेट एका टोकाला गेली आणि मीटरवरचा आकडा गायब. सर्किट तुटलं. प्लेट परत आणली, ४७५. पुन्हा नेली, गायब. हेअर ड्रायर बंद केला, चहा घेऊन आलो, प्लेट हवी तशी हलवली: ४१०, हलायलाच तयार नाही.

वायर प्लेटबरोबर सतत वाकते. पन्नास वर्षांत ती आवरणाच्या आत तुटली होती. वरचं प्लॅस्टिक शाबूत, आतले धागे एकमेकांना नुसते टेकलेले. थंड असताना टेकून राहायचे, तापलं की आवरण सैल आणि धागे दूर.

सगळ्यात समाधान मला एका गोष्टीचं झालं. गाडी हायवेवर कधीच का बंद पडत नव्हती आणि नेमकी सिग्नललाच का, याचं उत्तर मिळालं. एका वेगाने पळताना व्हॅक्यूम ॲडव्हान्स प्लेटला एका बाजूला ओढून धरतो. ॲक्सिलरेटर सोडून थांबलात की ती ओढ जाते, प्लेट मूळ जागी येते, आणि नेमकी त्याच जागी वायर उघडते. एअर लॉकच्या गोष्टीत या ‘सिग्नललाच का’ला माझ्याकडे कधीच नीट उत्तर नव्हतं. उत्तर नसलेली ती एक गोष्ट मी सोडून देत होतो, आणि सगळं निदान तिच्यातच होतं.

नवा पिकअप बसवताना त्याच्यातलं आणि दात्यातलं अंतर एका इंचाचा आठ हजारांश ठेवा. फीलर गेज पितळेचं घ्या. पोलादाचं चुंबकाला चिकटतं आणि माप खोटं येतं. दाता बरोबर पिकअपसमोर आणूनच मोजा. मग प्लेट दोन्ही टोकांना हलवून दाते कुठे घासत नाहीत ना ते बघा, आणि वायर जिथून बाहेर येते तिथे तिला थोडी ढील ठेवा, नाहीतर तेच दुखणं पुन्हा. झाकण लावल्यावर टायमिंग लाइटने टायमिंग तपासून घ्या.

पोलिसांच्या गाडीचे वेगळे भोग

इथे थोडं थांबतो, कारण हाच भाग साध्या गाडीच्या पुस्तकात सापडत नाही.

पोलीस पॅकेज म्हणजे नुसतं मोठं इंजिन नव्हतं. क्रायस्लरच्या सत्तरच्या दशकातल्या ऑर्डर कोडमध्ये ते ‘ए-३८’. त्यात जाड टॉर्शन बार (पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणारे दांडे), भारी ब्रेक, गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर, मोठा रेडिएटर, नेमका वेग दाखवणारा प्रमाणित स्पीडोमीटर असं सगळं येई. ताकदीच्या आकड्यांवरून लोक वाद घालतात, तो निम्मा फुकटचा आहे. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलच्या १९६९ च्या डॉज पोलाराचं ४४० हे ३७५ अश्वशक्तीचं, आणि त्या पोलाराने मिशिगनमधल्या चेल्सीच्या चाचणी मैदानावर ताशी १४७ मैल गाठले होते. माझं १९७४ चं २७५. शंभर घोडे पळून गेले असं वाटतं. पण १९७२ पासून मोजायची पद्धत बदलली: आधीचे आकडे नुसतं उघडं इंजिन टेबलावर ठेवून घेतलेले, नंतरचे पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर सगळं लावून. कॉम्प्रेशन कमी झालं हेही खरं. तरी माझ्या गाडीला अजून कुणी मंद म्हटलेलं नाही.

भोग येतात ते पोलिसांनी गाडी विकताना. वरचा दिवा, सायरन, रेडिओ काढून घेतात आणि वायरी कापून तशाच सोडतात. माझ्या डॅशबोर्डखाली अशा अकरा वायरी होत्या. त्यातली एक इग्निशनच्या निळ्या वायरीलाच, सोलून न जोडता, चावणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपने अडकवलेली. त्या क्लिपने निळ्या वायरीचे निम्मे धागे कापून टाकले होते.

हे सापडलं ते व्होल्ट मोजल्यामुळे. चावी ‘रन’वर ठेवा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या धनाला, दुसरं बॅलास्टच्या निळ्या वायरीच्या टोकाला. मधे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर वाटेत कुठेतरी करंट अडतोय. माझ्याकडे दोन व्होल्ट पडत होते. क्लिप काढून वायर नीट सोलून, डाग देऊन जोडली, तेव्हा सव्वा व्होल्ट परत मिळाला. उरलेला फायरवॉलवरच्या मोठ्या जोडणीत होता. इंजिनाकडची सगळी वायरिंग आणि डॅशबोर्डची सगळी वायरिंग तिथे एकमेकांत घुसते. तिथल्या पत्र्याच्या पिना काळ्या पडतात, सैल होतात, तापतात, प्लॅस्टिक वितळतं. बॅटरी सोडवून ती जोडणी उघडा आणि एकेक पिन बघा. तपकिरी डाग दिसला की ती पिन बदला, नुसती घासून भागत नाही.

या बाबतीत खरी पोलीस गाडी नशीबवान. मोठा अल्टरनेटर असलेल्या अनेक पोलीस आणि टॅक्सी गाड्यांत चार्जिंगच्या जाड वायरी या जोडणीतून न नेता फायरवॉलला वेगळं भोक पाडून, रबरी बुशातून सरळ आत नेलेल्या असतात. माझ्यात तशाच आहेत. साध्या फ्युरीत अल्टरनेटरचा सगळा करंट त्या नाजूक पिनांतून डॅशबोर्डवरच्या अँमीटरपर्यंत (करंट दाखवणाऱ्या काट्यापर्यंत) जातो आणि परत येतो. दिवा बसवून पोलिसांची झालेल्या गाडीत म्हणूनच हा भाग आधी तपासा. आणि रेडिओची खरखर कमी करायला बॉनेटपासून बॉडीपर्यंत विणलेल्या अर्थच्या पट्ट्या असतात, त्या भंगार समजून काढू नका.

आणि तुमच्याकडे धारच नसेल तर

काका अगदीच चूक नव्हते. माझ्या गाडीत पेट्रोलचा आजारही होता, पण वेगळा: गरम गाडी पाच मिनिटं बंद ठेवून सुरू केली की लांब सेल्फ, पेट्रोलचा वास, मग काळा धूर काढत सुरू. हा एअर लॉक नव्हे, उलटा प्रकार. इंजिन बंद झाल्यावर खालची धग वर येते, बाउलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्यांत, सांडतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर पंप करू नका. एकदाच पूर्ण तळाला दाबून धरा आणि सेल्फ मारा.

धग कुठून येते? थर्मोक्वाडची बॉडीच फेनॉलिक प्लॅस्टिकची आहे, पेट्रोल गार राहावं म्हणूनच. पण तिच्या खाली मॅनिफोल्डमधून एक्झॉस्टचा मार्ग जातो, थंडीत कार्बोरेटर लवकर गरम व्हावा म्हणून. उजव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर वजन आणि स्प्रिंग लावलेली एक झडप असते, ती या मार्गाची दारवान. तापल्यावर ती उघडायला हवी. गंजून बंदच राहिली तर ऐन उन्हाळ्यात कार्बोरेटर चुलीवर ठेवल्यासारखा. इंजिन थंड असताना वजन हाताने फिरवून बघा. माझं हललंच नाही. गंज सोडवणारं तेल घालून, हलक्या हाताने ठोकत तीन संध्याकाळी घालवल्या तेव्हा सुटलं. मॅनिफोल्डच्या मधोमध रंग पोळून उडालेला असेल तर तुमचीही हीच गत समजा.

खरा एअर लॉक होऊ नये म्हणून कारखान्याने ४४० ला तीन तोंडांचा फिल्टर दिला होता: एकातून पेट्रोल येतं, दुसऱ्यातून कार्बोरेटरला जातं, तिसऱ्या बारीक तोंडातून वाफ टाकीकडे परत. माझ्यात कुणीतरी साधा दोन तोंडांचा फिल्टर घालून परतीच्या नळीत बोल्ट ठोकला होता. म्हणजे वाफेची वाट बंद करून वर चिमटे लावले. तीन तोंडांचा फिल्टर परत बसवा, पण परतीचं तोंड वरच्या बाजूलाच येऊ द्या. वाफ वर जमते. परतीची नळी टाकीपर्यंत मोकळी आहे ना, हे फुंकून बघा.

इथे एक गोष्ट एप्रिल-मेमध्ये फसवते. हिवाळ्याचं पेट्रोल मुद्दाम लवकर वाफ होणारं बनवलेलं असतं. ते टाकीत उरलेलं असताना एखादा दिवस अचानक कडक तापला की वर्षातला सगळ्यात वाईट त्रास तेव्हाच होतो, जुलैत नाही. त्यात दहा टक्के इथेनॉल. हिवाळ्यात गाडी उभी करताना टाकी भरून ठेवण्याचा सल्ला पाळत असाल, तर वसंतात ते पेट्रोल दोन-तीन फेऱ्यांत जाळून टाका.

धार नाही, वाफही नाही, आणि वरचं सगळं ठीक, तर पंप काढून त्याचा दांडा बघा. कॅमशाफ्टवरून पंपाला ढकलणारा हा छोटा दांडा झिजून आखूड होतो. नव्या दांड्याशेजारी धरून बघा, फरक डोळ्यांना दिसतो. जोरात पळवताना ओढ कमी होत जाते हे त्याचं लक्षण, सिग्नलला बंद पडणं हे नव्हे.

माझ्या डिकीत आता काय असतं: स्पार्क टेस्टर, मल्टिमीटर, चारी रोध तपासलेला जोड-बॅलास्ट म्हणजे दोन्ही बाजू थंड आणि गरम मोजलेला, जुना इग्निशनचा डबा, जुना नव्हे तर नवाच एक पिकअप, पितळी गेज, आग विझवायचा सिलिंडर, वही. लाकडी चिमटे घरात गेले, दोरीवर. पिकअप बदलून हा दुसरा उन्हाळा चालू आहे. गेल्या रविवारी ९४ फॅरनहाइटमध्ये पाऊण तास हायवे, नंतर सलग सात सिग्नल. एकदाही बंद नाही. पेट्रोल भरल्यावर अजून दोन सेकंद जास्त सेल्फ लागतो. तो कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक जाड गॅस्केट बदलल्यावर जातो का, ते बघायचं आहे. गॅस्केट मागवलाय.